फटाका किती दूर हवा?



गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा भरली होती. सभेपुढे विषय एकच होता. दोन इमारतींच्या मधल्या जागेत फटाके उडवू द्यावेत की नाही? तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना दम्याचा विकार. त्यांच्या वरच्या मजल्यावर तीन महिन्यांचे बाळ. या दोन्ही घरच्यांचे म्हणणे असे की फटाके नकोतच. उलट दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, वर्षातून चार दिवस मुलांनी मजा करायची नाही तर कधी करायची? आपण नाही का उडवले?" दोन्ही बाजूंनी आवाज चढू लागले. तेवढ्यात अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवता. तुम्हीच काय ते सांगा."

मी म्हणालो, "आज नाही, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन खाली उतरलो. नववीतला एक मुलगा टेपचे दुसरे टोक धरायला आला. दोन इमारतींच्या भिंतींमधले अंतर भरले ९ मीटर. म्हणजे फटाका अगदी मधोमध ठेवला, तरी दोन्हीकडची भिंत साडेचार मीटरवर.

हा आकडा मी वहीत टिपून घेतला. घरी फटाके उडवू द्यावेत का, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर अशा आकड्यांतच दडलेले आहे. ते कसे, हे आता आपण पाहू.

शेंगदाणा आणि दारू

प्रथम एक कोडे. एक ग्रॅम शेंगदाणे आणि एक ग्रॅम फटाक्याची दारू, यांपैकी जास्त ऊर्जा कशात असेल?

बहुतेक जण दारूचे नाव घेतील, पण बरोबर उत्तर आहे शेंगदाणे. एक ग्रॅम शेंगदाण्यांतून आपल्याला सुमारे २४ किलोज्यूल ऊर्जा मिळते. एक ग्रॅम काळ्या दारूच्या ज्वलनातून जेमतेम ३ किलोज्यूल मिळतात. म्हणजे शेंगदाणा आठपट सरस! मग चिवड्यातला शेंगदाणा आपल्या दातांखाली कधी फुटत कसा नाही?

याचे कारण ऑक्सिजनमध्ये आहे. शेंगदाणा शरीरात 'जळतो', तेव्हा त्याला लागणारा ऑक्सिजन आपण श्वासावाटे थोडा थोडा पुरवतो. लाकूड, कागद, रॉकेल हेसुद्धा हवेतून ऑक्सिजन उसना घेतात. उसनवारी सावकाश चालते, म्हणून ज्वलनही सावकाश होते. काळ्या दारूत मात्र तीन पदार्थ एकत्र कुटलेले असतात : सोरा, कोळसा आणि गंधक. वजनाने त्यांचे प्रमाण साधारण ७५, १५ आणि १० असे असते. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि तापवताच तो ऑक्सिजन सोडू लागतो. म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन कणाकणाने शेजारी बसलेले असतात. एक ठिणगी पुरते. जे काम शेंगदाण्याला काही तास लागतात, ते दारू सेकंदाच्या हजाराव्या भागांत उरकते.

ऊर्जेला वेळेने भागले की शक्ती मिळते, हे सूत्र तुम्ही पाठ केलेले आहे. फटाक्याचा सगळा दरारा या भागाकारातल्या छेदामुळे आहे. ऊर्जा थोडी, पण वेळ त्याहून फारच थोडा.

दारूजवळ स्वतःचा ऑक्सिजन असतो, यावरून आणखी एक गोष्ट निघते. पेटलेला कागद आपण पायाखाली दाबून विझवतो, कारण हवा तोडली की आग मरते. फटाक्याला हा नियम लागू नाही. पुठ्ठ्याच्या नळीत, मातीच्या कुंडीत, सुतळीच्या घट्ट गुंडाळीतही दारू जळत राहते. वातीचा निखारा बाहेरून विझलेला दिसला, तरी आत जिवंत असू शकतो. ज्याला आपण 'फुसका' म्हणतो, तो पुष्कळदा फुसका नसतोच. त्याला फक्त उशीर झालेला असतो.

हे वाक्य मी पुस्तकातून शिकलो नाही.

वाड्यातला भुईनळा

१९९१ ची दिवाळी. मी तेव्हा सहावीत होतो. आमचा वाडा जुना, चौसोपी. मधल्या चौकात सगळ्या बिऱ्हाडांची मुले जमायची. वडीलमाणसे सोप्यावर बसून पाहायची. माझा आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याने एक भुईनळा लावला. थोडा धूर आला आणि बंद झाला. आम्ही वाट पाहिली, असे आम्हाला वाटले. खरे तर दहा-बारा सेकंदच गेले असतील. "फुसका दिसतोय," असे म्हणत तो वाकून पाहायला गेला. भुईनळा कारंजासारखा उडण्याऐवजी एकदम फुटला.

त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी त्या संध्याकाळी गेली ती गेलीच. आज तो चांगला हिशेबनीस आहे, हसतमुख आहे; पण जिना उतरताना अजून कठड्याला हात लावतो, कारण एका डोळ्याने पायरीच्या खोलीचा अंदाज नीट येत नाही. आजी पुढे कितीतरी वर्षे म्हणायची, "मी हाक मारणारच होते रे." ती चौकापासून तीन मीटरांवर बसली होती. हाक मारायला पुरेल एवढा वेळ मधे नव्हता.

भुईनळा तर शोभेचा, न फुटणारा प्रकार. मग तो फुटला का? हे मला एम. एस्सी. झाल्यावर नीट उमगले. दारू किती वेगाने जळेल, हे तिच्यावर असलेल्या दाबावर अवलंबून असते. दाब वाढला की ज्वलनाचा वेग वाढतो. वेग वाढला की वायू जास्त तयार होतात. वायू जास्त झाले की दाब आणखी वाढतो. भुईनळ्याच्या तोंडाचे भोक मोकळे असेल, तर वायू आणि ठिणग्या बाहेर पडत राहतात आणि दाब मर्यादेत राहतो. भोक चोंदले किंवा आतल्या ठासलेल्या दारूला तडा जाऊन जळणारा पृष्ठभाग एकदम वाढला, तर हे चक्र आवरत नाही. मग भुईनळ्याचा बाँब होतो. बाहेरून पाहून हा तडा ओळखता येत नाही. खोक्यावरचे चित्रही तो दाखवीत नाही.

सुतळी बाँबवर पत्र्याचा डबा किंवा नारळाची करवंटी उपडी घालणारी मुले तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यांतले असाल. ते मुद्दामच हेच करत असतात : वायूंची वाट अडवतात आणि वर उडायला धारदार तुकडेही पुरवतात.

फुलबाजीची तार

"मग फुलबाजी तरी बरी ना?" असे पालक विचारतात. फुलबाजीत एक गंमत आहे. तिच्या ठिणग्यांचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. तरी त्या हातावर पडल्या तर किंचित चटका बसतो, एवढेच. कारण तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या राशी आहेत. एका ठिणगीतला लोखंडाचा कण साधारण दशांश मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे दोन-अडीच लाखांश भागाइतके भरते. हजार अंशांनी थंड होताना तो फार तर दोन सहस्रांश ज्यूल उष्णता देऊ शकतो.

आता विझलेली तार पाहा. एक मिलिमीटर जाडीची वीस सेंटिमीटर तार सव्वा ग्रॅमची असते. ती लाल दिसेनाशी झाली, तरी तिचे तापमान ५०० अंशांच्या जवळ असू शकते. तिच्यात अडीचशे ज्यूलहून अधिक उष्णता साठलेली असते, म्हणजे एका ठिणगीच्या लाखपटीहून जास्त! चमकणारी ठिणगी निरुपद्रवी आणि काळी पडलेली तार घातक. लहान मूल नेमके उलटे समजते आणि अनवाणी पाय तारेवर पडतो. म्हणून फुलबाजीसाठी पाण्याची बादली जवळ हवी आणि विझलेली प्रत्येक तार त्या बादलीतच गेली पाहिजे.

कायद्यातले चार मीटर

आता आवाजाकडे वळू. आपल्या देशात फटाक्यांच्या आवाजाला कायद्याची मर्यादा आहे. ५ ऑक्टोबर १९९९ च्या अधिसूचनेनुसार, फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबेल (एआय) किंवा १४५ डेसिबेल (सी) शिखरमान यांहून जास्त आवाज करणारे फटाके बनवण्यास, विकण्यास आणि वापरण्यास मनाई आहे. ही आवाज मोजण्याच्या दोन पद्धतींची मापे आहेत. आवाजाचा दाब क्षणभर ज्या सर्वोच्च बिंदूला पोचतो, ते शिखरमान. आपण त्यावरच हिशेब करू.

१४५ हा आकडा वर्तमानपत्रांत दरवर्षी येतो. त्याच्यापुढचे 'चार मीटर अंतरावर' हे शब्द मात्र पुष्कळदा गळतात. अंतर सांगितल्याशिवाय फटाक्याच्या आवाजाचा आकडा अर्थहीन आहे. दिव्याजवळ वही धरली तर अक्षरे लख्ख दिसतात, दूर नेली तर अंधुक होतात. आवाजाचेही तसेच आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. डेसिबेलच्या भाषेत ती ६ ने घटते. अंतर निम्मे केले की ६ ने वाढते.

आता कागद-पेन्सिल घ्या. कायद्याच्या अगदी सीमेवरचा, म्हणजे कायदेशीर फटाका घेऊ. ४ मीटरवर १४५. मग २ मीटरवर १५१. १ मीटरवर १५७. उलट दिशेने गेलात, तर ८ मीटरवर १३९, १६ मीटरवर १३३, ३२ मीटरवर १२७ आणि ६४ मीटरवर १२१.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा क्षणिक आवाजांचे शिखरमान मोठ्या माणसांच्या कानांसाठी १४० डेसिबेलपेक्षा आणि मुलांसाठी १२० डेसिबेलपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले आहे. आपल्या हिशेबात १४० डेसिबेल कोठे येतात? सुमारे ७ मीटरवर. आणि १२०? सुमारे ७१ मीटरवर.

म्हणजे पाहा. कायद्याने तपासणीसाठी धरलेले अंतर ४ मीटर. मोठ्या माणसाने उभे राहावे असे अंतर ७ मीटर. मुलांनी उभे राहावे असे अंतर ७१ मीटर. प्रत्यक्षात वात पेटवणारा उभा असतो हाताच्या लांबीवर, आणि तो बहुधा मूलच असतो. पळून पळून ते किती जाणार? आमच्या अंगणात भिंतच साडेचार मीटरवर. शिवाय मैदानात आवाज पसरून विरतो. दोन इमारतींच्या मधे तो भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो. म्हणून मैदानाचा हिशेब गल्लीला लावला, तर तो कमीच भरेल.

प्रत्येक फटाका काही सीमेवरचा नसतो, हे खरे. लवंगी आणि सुतळी बाँब यांत पुष्कळ फरक आहे. पण आपल्या कानाच्या आत, शंखाच्या आकाराच्या नळीत, ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जासंदेशात करतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. फटाका उडवून झाल्यावर कानात काही वेळ 'कुईं' असा आवाज येतो ना? तो तक्रारअर्ज आहे असे समजा.

छोट्यांची नागगोळी

आवाज नसलेल्या फटाक्यांनी प्रश्न सुटतो का? येथेही अंतरच आडवे येते. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वजनाचे पदार्थ वायू न होता घन कणांच्या रूपाने बाहेर पडतात. आपण त्याला धूर म्हणतो. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसांत उतरतात.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह फटाक्यांचा धूर मोजला होता. फटाका लावणारा माणूस सहसा जेथे असतो, तेथे त्यांनी उपकरण ठेवले. सर्वांत जास्त बारीक कण कशातून निघाले असतील? सुतळी बाँबमधून? माळेतून? मुळीच नाही. पहिला क्रमांक लागला नागगोळीचा! एका घनमीटर हवेत सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. फुलबाजीत हा आकडा सुमारे १०,३९० होता आणि भुईनळ्यात सुमारे ४,८६०. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, हे लक्षात ठेवून या आकड्यांकडे पाहा. अर्थात नागगोळी काही सेकंदच जळते आणि चोवीस तासांच्या सरासरीशी क्षणिक आकड्याची थेट तुलना करता येत नाही. पण नागगोळी लावणारे मूल वयाने सर्वांत लहान असते आणि 'साप' नीट दिसावा म्हणून सर्वांत जवळ वाकलेले असते. ज्याला आवाज नाही, तो निर्धोक, असे समजून आपण तिला हातात देतो.

नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हरित फटाके तयार केले, हे तुम्ही ऐकले असेल. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण कमी करणे, जळताना पाण्याची वाफ सुटून धूळ दाबली जाईल असे पदार्थ घालणे, अशा युक्त्यांनी त्यांतले कणरूप प्रदूषण किमान ३० टक्क्यांनी घटवले आहे. हे काम चांगले आहे. परंतु शंभरातून तीस वजा केले की सत्तर उरतात, शून्य नव्हे. आणि भुईनळ्याच्या दारूला तडा जाण्याचा धोका 'हरित' शब्दाने कमी होत नाही.

इतरांनी काय केले?

शोभेच्या दारूचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी तो कागदपत्रांतून शोधून लिहिला. त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक उल्लेख आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तेथे राजाच्या वतीने 'दारूची लंका' होत असे. रावण, राक्षस, हनुमान यांच्या दारूने भरलेल्या आकृती पेटवल्या जात. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ही लंका शहराच्या बाहेर जळत असे. डेसिबेल ठाऊक नसतानाही त्या लोकांना अंतर ठाऊक होते!

आजच्या देशांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना फटाके विकता येत नाहीत आणि मोठ्या ताकदीचे फटाके फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांनाच मिळतात. आयर्लंडमध्ये अगदी सौम्य वर्गातले सोडून बाकीचे फटाके परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या रात्री घरोघरी फटाके उडवण्याची मोठी हौस. तेथे २००० साली एन्स्केडे शहरात, वस्तीला लागून असलेल्या फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २३ माणसे दगावली आणि शेकडो घरे नष्ट झाली. त्यानंतर पंचवीस वर्षे वाद घालून २०२५ साली डच संसदेने नागरिकांनी स्वतः फटाके उडवण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. सौम्य फटाके मात्र त्यांनी वगळले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली, फटाक्यांच्या माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि ठरावीक जागी सामुदायिक आतषबाजी करावी, यावर भर दिला.

दुसरी बाजू

सभेत मी हे सारे सांगितले, तेव्हा टेप धरणारा तो नववीतला मुलगा उठून म्हणाला, "काका, मग आम्ही नुसतं बघत बसायचं का?"

प्रश्न खरा आहे. आपल्या हाताने वात पेटवण्यातला थरार लांबून पाहण्यात नाही. ज्याने कधी काहीच पेटवले नाही, तो आगीची सावधगिरी तरी कशी शिकणार? आणखीही आक्षेप आहेत. तामिळनाडूतल्या शिवकाशीसारख्या कोरड्या, शेतीला प्रतिकूल प्रदेशात लाखो लोकांचे पोट या धंद्यावर आहे. आणि सामुदायिक आतषबाजी म्हटली की ती आपोआप सुरक्षित होते, असेही नाही. १० एप्रिल २०१६ रोजी केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या परवूर येथे पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात साठवलेल्या दारूने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. परवानगी नाकारलेली असताना ती आतषबाजी चालली होती. दारूचा साठा गर्दीच्या जवळच होता.

पण नीट पाहिले तर परवूरची शोकांतिकाही तेच सांगते, जे आमच्या वाड्याचा चौक सांगतो. जागा घरची की देवळाची, हा प्रश्न दुय्यम. दारू किती, माणसे किती दूर आणि चूक झाली तर पळायला वेळ किती, हे तीन प्रश्न मुख्य. प्रमाण, अंतर आणि वेळ. घरी यांपैकी प्रमाण आपल्या हाती असते. अंतर आणि वेळ नसतात.

घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. फटाका उडवणारा धोका स्वतःहून पत्करतो. दम्याच्या आजींनी, तीन महिन्यांच्या बाळाने तो पत्करलेला नसतो. माझ्या घराच्या भिंतीपाशी माझा हक्क संपतो. आवाज आणि धूर मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत.

म्हणून माझे उत्तर असे आहे. फुटणारे आणि वर उडणारे फटाके घराच्या अंगणात, गच्चीवर, सज्जात किंवा गल्लीत उडवू देऊ नयेत. ते मोकळ्या मैदानात, मोठ्या माणसांनी, आखलेल्या अंतरावरून उडवावेत. फुलबाजी मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघड्यावर, सुती कपडे घालून, बादली जवळ ठेवून चालू शकेल. नागगोळी तर कोणालाच देऊ नये. आणि भुईनळा? त्याला मी मैदानाच्याच यादीत घालतो. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

मोजा आणि ठरवा

आमच्या सभेने मतदान घेतले आणि थोड्या मतांनी हाच ठराव मंजूर झाला. जवळच्या मैदानाची परवानगी काढली. त्या नववीतल्या मुलाने टेपने ७१ मीटर मोजून फक्कीची रेषा आखली. फटाके लावायला दोन मोठी माणसे. बाकी सगळे रेषेच्या मागे. मुलाकडे मी एक काम सोपवले : उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा काळ टिपायचा.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ७१ मीटर यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एवढे अंतर कानाला आणि डोळ्याला जाणवते : आधी झळाळी, मग क्षणभर शांतता, मग आवाज. मुले ओरडू लागली, "आधी दिसतं, मग ऐकू येतं!" पाठ्यपुस्तकातले वाक्य त्यांना मैदानावर सापडले होते. तो मुलगा रात्री मला म्हणाला, "काका, नुसतं बघणं पण वाईट नव्हतं." सगळ्यांनी ठराव पाळला, असे मी म्हणणार नाही. एका घरच्यांनी फाटकाशी एक माळ लावलीच. पण तळमजल्यावरच्या आजी त्या चार रात्री खिडकी उघडी ठेवून झोपल्या.

आता तुमची पाळी. फटाका न आणता करण्यासारखा हा प्रयोग आहे. शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीपूर्वी तो वर्गाला अवश्य द्यावा. मोजपट्टी घ्या. आपले अंगण, गच्ची, गल्ली यांची रुंदी मोजा. जेथे फटाके लावतात तेथून सर्वांत जवळची खिडकी, सर्वांत जवळचे वाहन आणि आजी-आजोबा बसतात ती जागा किती मीटरवर आहे, हे लिहा. मग ४, ७ आणि ७१ या आकड्यांशी ताडून पाहा आणि तो तक्ता घरच्यांना दाखवा. मोठी माणसे उपदेशाला कंटाळतात. आकड्यांपुढे थोडी थांबतात, असा माझा अनुभव आहे.

मोजपट्टी हाताशी नसेल, तर एक साधी खूण सांगतो. फटाक्याचा उजेड आणि आवाज एकदमच आले, दोहोंच्या मधे जराही फट जाणवली नाही, तर समजा, तुम्ही फार जवळ उभे आहात. मागे सरा.